शेवटच्या कडव्यातला केरबा

आमचे हे, म्हणजे सुभाष, क्रॉयडनला ट्राम चालवतात. डोकं मात्र कायम स्ट्रॅटफर्डच्या त्या नाटककार-कवीपाशी. माणूस जाऊन चारशे वर्षं झाली, पण आमच्याकडे रोज जेवायला असतो म्हणा ना.

हे वेड सासऱ्यांकडून आलेलं. केरबा आंबेडकरी जलशातले शाहीर. लहानपणी त्यांना वर्गाच्या दाराबाहेर बसवायचे. तिथूनच त्यांनी मास्तरांच्या तोंडून त्या नाटककाराची गोष्ट ऐकली, गादीसाठी राजाला मारणाऱ्या सरदाराची. पुढे तिचा पोवाडा केला, गावोगाव गायला.

यंदा एप्रिलात, नाटककाराच्या वाढदिवसाला, स्ट्रॅटफर्डच्या एका हॉलमध्ये यांना तो पोवाडा गायला बोलावलं. आमची अनुया म्हणाली, "बाबा, लास्ट कडवं कट करा ना. आजोबांचं नाव तिथे कुणाला कळणार?" शाहिराचं नाव शेवटच्या कडव्यात गुंफायचं ही आमची रीत. हे ताडकन म्हणाले, "त्या नावासाठीच तर चाललोय. नाहीतर घरी बसलो असतो."

आणि एवढं करून शहाण्यांनी मागे सूर धरणारे झीलकरी नेलेच नाहीत. जलशात शाहिरानं ओळ टाकली की 'जी रं जी' म्हणायला अख्खी वस्ती तयार असते. इथेही तसंच होईल, हे धरून चालले. इथली मंडळी चर्चमध्ये बसल्यासारखी गप्प. ऐकताना मध्ये बोलणं त्यांच्यात असभ्य. दोन कडवी झाली, कुणी हूं की चूं नाही. यांचा आवाज बसला, डफ ढिला पडला, नजर सारखी विंगेकडे. मला कळलं, हे आता शेवटापर्यंत जात नाहीत.

माझं डोकंच फिरलं. इतकी वर्षं उराशी धरलेली गोष्ट, अशी अर्ध्यात टाकायची? पदर खोचला, भर हॉलमध्ये उभी राहिले आणि खणखणीत 'जी रं जी जी' दिलं. शेजारच्या गोऱ्या आजीबाई दचकल्या. म्हटलं, "कम ऑन, यू टू." पुढच्या ओळीला त्यांनी बारीक साथ दिली, मग त्यांच्या नवऱ्यानं, मग सगळ्या रांगेनं. बेसूर, तोडकंमोडकं, पण हॉल दणाणला. यांच्या डफात जीव आला.

शेवटचं कडवं आलं. "शाहीर केरबा सांगून गेला," हे म्हणाले, आणि हॉलनं उचललं, "केरबा, जी जी!" यांना पुढे गाताच येईना. हॉल आपला म्हणतोच आहे, केरबा, केरबा. माझी छाती अभिमानानं भरून आली आणि डोळेही.

आजीबाईंनी हळूच विचारलं, "हू इज केरबा?"

म्हटलं, "माय फादर-इन-लॉ. पोएट."