एका अंगाची धार

शनिवार, ४ ऑक्टोबर २०२५, मेहकर. सकाळपासून ढगाळ. दूध उशिरा आले. दसऱ्याच्या रात्रीच्या वाऱ्यात चिंचेची मोठी फांदी फाटून स्वयंपाकघराच्या पत्र्यावर रेलली होती. ती तोडायला साखरखेर्ड्याहून कडूबा, झुंबरबाई आणि त्यांचा दीपक आले. काम मधे काही वेळ थांबले होते. नंतर झाले.

शरयूबाईंच्या डायरीत त्या कामाबद्दल एवढंच आहे. काम मधे का थांबलं, ते असं.

कडूबाच्या आईची आधीची मुलं जगली नव्हती. म्हणून हा झाला तेव्हा त्याचं नाव कडू ठेवलं, यमानं तोंडात घेतलं तरी थुंकून टाकावं म्हणून. यमानं तोंडात घेतलं नाही, पण कामानं चावून चावून चोथा केला, असं कडूबा स्वतःच सांगे. आधी कुऱ्हाड, मग बापाच्या समोर बसून ओढायची मोठी करवत, आणि दीपक हाताशी आल्यावर पेट्रोलवर चालणारी मशीन. विहिरीवर झुकलेला लिंब असो की शाळेच्या भिंतीत घुसलेला पिंपळ, लोक म्हणत, कडूबाले बलावा.

मशीनच्या थरथरीनं त्याच्या बोटांना आधी मुंग्या आल्या, मग बोटं पांढरी पडू लागली. थंडीत सदऱ्याची गुंडीसुद्धा झुंबरबाईला लावून द्यावी लागे. डॉक्टर म्हणाले, मशीन सोडा. त्यानं सोडली, दीपकच्या हातात दिली. धार लावायची कानस मात्र दिली नाही.

ती कानस गोल, पेन्सिलीएवढी जाड. मशीनच्या चेनला दात असतात, एक उजव्या अंगाला तोंड केलेला, पुढचा डाव्या. दाताच्या खोबणीत कानस तिरपी धरायची, आतून बाहेर लोटायची, परत आणताना उचलायची. एका अंगाचे सगळे दात झाले की मशीन फिरवून दुसऱ्या अंगाचे. हात दोन्हीकडे सारखा पडला पाहिजे. नाहीतर ज्या अंगाला धार जास्त, त्या अंगाला मशीन ओढत जाते आणि चीर वाकडी होते.

"धार माह्या हातची," कडूबा म्हणायचा, आणि तेवढ्या बोलण्यावर तो रोज पोराच्या मागं कामावर यायचा. कानसही गेली, तर यायचं कशाला? मग ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला रामराम घालायचा. त्या नुसत्या विचारानंच त्याला दिवसभर लाकूड वाहिल्यासारखं होई.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी त्यानं चेन साफ करून सगळ्या दातांना धार लावली. हत्यार धार लावूनच पूजेत मांडायचं आणि दसरा होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही, ही त्यांच्या घरची रीत. पूजेच्या वेळी झुंबरबाईनं तेलात कालवलेलं कुंकू एकेका दाताला लावलं. दसरा गेला, वारा झाला आणि शरयूबाईंचा फोन आला.

दीपकनं फांदीला दोर बांधला आणि बुंध्याकडून चीर घ्यायला सुरुवात केली. चीर सरळ गेली, तर फांदी अंगणात पडणार होती. पण थोडी आत गेली आणि उजवीकडे, घराच्या बाजूला वळायला लागली. दीपकनं मशीन बंद केली.

"बाबा, ओढून राह्यली."

"तू दाबून राह्यला असशीन. भार देऊ नको, तिचं तिले कापू दे."

दीपकनं परत लावली. चीर आणखी वळली. एकीकडून लाकडाच्या चांगल्या कपच्या उडत होत्या, दुसरीकडून नुसतं पीठ. लाकडातून धूर यायला लागला.

झुंबरबाई बाजूला काटक्यांची मोळी बांधत होती. ती म्हणाली, "दोन घास जेवत नाही धड, मशीन काय धरन तो!"

"आई, तू चूप बस ना वं."

शरयूबाई चहा घेऊन बाहेर आल्या. "कडूबा, पत्रा वाचेल ना? माझा गॅस खालीच आहे."

"वाचन बाई. चेनमधी मळ बसला असन. पाहू द्या मले."

त्या कप ठेवून आत गेल्या. कडूबा चिंचेच्या मुळावर बसला, चेन उतरवून डिझेलच्या डब्यात बुडवली आणि दात घासायच्या जुन्या ब्रशनं एकेक दात घासू लागला. मळ निघाला, चिंचेचा चिकट भुसा निघाला. डाव्या अंगाच्या दातांच्या बुडातून कुंकवाचा लाल गाळ निघाला. उजव्या अंगाच्या दातांना मात्र कुंकू नव्हतंच. एकालाही नाही.

त्यानं चेन फडक्यानं पुसली. बोटांना काही कळत नव्हतं, म्हणून दात मनगटाच्या आतल्या कातडीला टेकवून पाहिले. उजवे सगळे सारखे चावले. डाव्यांतला एक चावला, पुढचा घसरला, त्याच्या पुढचा तर बोराच्या बीसारखा गोल. पूजेच्या आदल्या दिवशी त्याला ते सगळे एकसारखे वाटले होते. स्वतःवर खूश होऊन त्यानं त्या दिवशी दोन भाकरी जास्त खाल्ल्या होत्या.

"दीपक," तो म्हणाला, "पूजा झाल्यावर चेनले कोनं हात लावला?"

"मले काय माहीत?"

"कुंकू एका अंगाचं गेलं. ते काय वाऱ्यानं गेलं?"

दीपक दोराची गाठ पाहत राहिला. झुंबरबाईनं मोळीवरचा हात काढला.

"सांगून टाक बे आता. किती दिवस लपवशीन?"

"म्या घासली," दीपक म्हणाला. "आज सकाळी. एक अंग झालं अन् टेम्पोवाला हॉर्न देत बसला. म्हटलं, चालून जाईन."

"आजच घासली?"

झुंबरबाई बोलली, "संक्रांतीपासून घासून राह्यला तो. तुमी धार लावून ठेवता, तो पहाटे उठून परत लावते."

"अन् तुले माहीत होतं?"

"त्याले चहा कोन करून देत होतं मंग?"

कडूबाला राग यायला हवा होता. राग यायलाही अंगात काही लागतं. त्याला उन्हाळ्यात तोडलेला हिंमतरावाच्या बांधावरचा लिंब आठवला. सुतात धरल्यासारखा पडला होता तो, आणि लोकांसमोर कडूबानं मिशीवरून हात फिरवला होता.

"हिंमतरावाचा लिंबबी?"

"हाव बाबा."

"मंग मले मिशी काऊन पिळू देली बे?"

"तुमी खूश होते," दीपक म्हणाला.

कडूबानं चेन परत मशीनवर चढवली, मशीन मांड्यांमध्ये आवळली, कानस काढली आणि डाव्या अंगाच्या एका दाताला लावली. लोटली, उचलली, लोटली. तिसऱ्यांदा कानस खोबणीतून सुटून खालच्या पट्टीवर खर्रकन घासली गेली. ती सुटली हे त्याला आवाजावरून कळलं, हातावरून नाही. मनगटाला दात लावून पाहायची गरज नव्हती. तरी त्यानं पाहिलं. घसरला.

चहावर साय धरली होती. त्यानं तो तसाच गटकन पिऊन टाकला.

"घे," तो म्हणाला आणि कानस दीपकपुढे धरली. "हे अंगबी तूच घास. एका चेनवर दोघाचा हात पडला की ती अशीच ओढते."

"बाबा, तुमी बाजूले बसून सांगा, मी घासतो."

"सांगू काय? माह्यापेक्षा बरी घासून राह्यला तू." हे बोलताना त्याच्या आवाजात ना माया होती ना टोमणा. पाणी संपलं असं सांगावं, तसा तो बोलला.

झुंबरबाईला ते सहन झालं नसावं. ती म्हणाली, "पण मिशीचं कसं? याले तर मिशाच नाही!"

"फुटतीन," कडूबा म्हणाला आणि मुळावरून उठून भिंतीशी जाऊन टेकला. डोळे मिटले. कानसेचा आवाज येत राहिला, एका लयीत, कुठे न अडखळता. आवाजावरूनच त्याला कळत होतं की काम चांगलं चाललंय. ते कळायला नको होतं, असं त्याला वाटलं.

मशीन लागली. कपच्या दोन्हीकडून सारख्या उडाल्या. दीपकनं आधीची चीर सोडून शेजारून नवी घेतली, ती सरळ गेली. झुंबरबाईनं दोर ओढला आणि फांदी चिंचेच्या कच्च्या आकड्यांसकट अंगणात पडली. पत्रा ठणठणला आणि थांबला. कडूबानं डोळे उघडून पाहिलं नाही.

फांदीचे तुकडे होईपर्यंत दिवस कलला. शरयूबाई आतून विळी घेऊन आल्या. झालेलं बोलणं त्यांच्या कानावर गेलं नव्हतं.

"कडूबा, तुम्ही बसलाच आहात, तर हिला जरा धार लावून देता का? अगदी बोथट झाली आहे."

कडूबानं विळी घेतली. पातं उजेडाकडे धरून उलटसुलट केलं. मग ती त्यांच्या हातात परत दिली.

"दीपकले द्या, बाई. धार आता तो पाह्यते."

झोपण्याआधी शरयूबाईंनी शेवटी लिहिलं: विळीला दीपककडून धार लावून घेतली. रात्री भेंडीची भाजी केली.