चारही पायांवर फुली

जुन्नरला आमच्या गल्लीच्या टोकाला जुनं फर्निचर दुरुस्त करणारा एक मिस्त्री बसतो. अडचणीचा प्रश्न विचारला की तो रंध्याचं मशीन चालू करतो. मशीन थांबेपर्यंत आपण काय विचारलं होतं, तेच विसरायला होतं.

लेकीच्या खोलीसाठी शिनोलीहून जुना सागवानी पलंग आणला आणि पॉलिशला त्याच्याकडे टाकला.

"लाकूड लई जुनं हाय, ताई. आता आसं मिळत न्हाई," पलंगाच्या पायावरून हात फिरवत तो म्हणाला. हात जरा जास्तच वेळ फिरला.

आमच्याकडे सुताराकडे सागवान टाकताना गुपचूप खूण करून ठेवतात, कारण पॉलिश चढलं की कुठलंही लाकूड सागवानच दिसतं. तो चहा सांगायला गेला, तेवढ्यात मी एका पायाच्या तळाला ब्लेडनं फुली मारली.

मग "उद्या देतो" म्हणत त्यानं पंधरा दिवस काढले. "पाय तेच आहेत ना?" मी हसत विचारलं. मशीन चालू झालं.

मिस्त्रीनं स्वतः पलंग घरी आणला, तेव्हा पलंग आरशासारखा चमकत होता. लेक वर चढायच्या आत मी तो आडवा केला. चारही पायांना फुली होती.

"तुमची एकावरच व्हती, ताई," तो शांतपणे म्हणाला. "बाकीच्या तिघांनी काय घोडं मारलं व्हतं?"

लेक त्यावर मनसोक्त उड्या मारते, एकही पाय करकरत नाही. केर काढताना मी मात्र दर वेळी खाली वाकते. चारांतली माझी फुली कोणती, ते अजून ओळखता आलेलं नाही.