छातीवर पट्टा होता, पण

मंडळी, आजची गोष्ट सांगतो.

आज कराडजवळून चार सीटच्या विमानात फेरी मारली. मागं मी आणि वडील, आमचे आण्णा. पायलटनं वळून विचारलं, "पट्टे लावले?"

"व्हय," आण्णा म्हणाले.

उंब्रजच्या वर विमान एकदम खाली आदळल्यासारखं झालं. आण्णा सीटवरून उचलले गेले, डोकं छताला आपटलं. मी त्यांना घट्ट धरलं तेव्हा दिसलं, पट्टा नुसता छातीवरून ओढून मांडीखाली दाबलेला. टोल नाक्यावर पोलीस दिसला की गाडीत आमी तसाच घेतो, खटका न लावता. त्यांना मीच शिकवलंय.

आण्णा ठीक हायेत. पण उतरून गाडीत बसलो, तर माझाच हात पट्टा मांडीखाली दाबत होता. तेव्हा विमानापेक्षा लय भ्यालो.

तुमच्या पट्ट्याचा खटका शेवटचा कवा वाजला?