शनिवारचा वॉर्ड आणि एक पत्रक

केळुसकर सरांच्या पहिल्याच तासाला मी वर्गाबाहेर गेले, आणि तेही त्यांच्या सांगण्यावरून. घाटकोपरला एका प्राथमिक शाळेच्या दोन खोल्यांत शनिवार-रविवार दुपारी जनसंपर्काचा पदविका वर्ग चाले. बाकं चौथीच्या मुलांची, त्यामुळे आमचे गुडघे हनुवटीला लागत. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. जनसंपर्क म्हणजे नेमकं काय, हे मुलुंडला घरी समजावताना माझी पंचाईत होई. "म्हणजे तू लोकांशी गोड बोलणार आणि त्याचा पगार घेणार?" असं वडील विचारत. सरांनी त्या दिवशी शेजारी बसलेल्याची ओळख पाच ओळींत लिहायला सांगितली. मी लिहिलं, की हिच्या वडिलांची गिरणी बंद पडली, घरात खायची मारामार आहे, तरी ही जिद्दीने शिकते आहे. वर्गाने वाहवा केली. ती मुलगी मात्र मान खाली घालून बसली.

"शैलजा," सर म्हणाले, "हिला घेऊन बाहेर जा. हे चारचौघांत सांगायचं होतं का, ते तिला विचार आणि मग आत ये."

बाहेर ती एवढंच म्हणाली, "जाऊ दे ना यार, आता सांगून झालं." मी आत येऊन जागेवर बसले. सरांनी पुढे काही विचारलं नाही. मला वाटलं, सुटले.

सरांच्या अमृतमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात त्यांच्या कार्याबद्दल आणि मूल्यांबद्दल लिहावं, असं संपादकांचं पत्र आलं. मूल्यांबद्दल लिहायचं तर आधी सरांच्या नोकरीतली एक गोष्ट सांगायला हवी. सर ठाण्याच्या बाजूला एका रसायनांच्या कारखान्यात जनसंपर्क अधिकारी होते. तिथे एक कामगार भाजून दगावला. त्याच्या हलगर्जीपणामुळे अपघात झाला, असं प्रसिद्धिपत्रक काढा, असा वरून निरोप आला. सर म्हणाले, "मी तिथे नव्हतो. तुम्हीही नव्हतात. मग हे कोणी पाहिलं?" ते पत्रक शेवटी दुसऱ्याच्या सहीने गेलंच. सरांची खुर्ची उचलून कँटीनच्या मागच्या खोलीत नेण्यात आली, आणि पुढची किती तरी वर्षं त्यांच्याकडे सुट्ट्यांचे तक्ते रंगवण्याचं काम होतं. आम्ही विद्यार्थी ही कथा शौर्यकथेसारखी सांगायला लागलो की ते चिडत. "कसलं शौर्य? पत्रक थांबलं का? ते माझ्या हातून गेलं नाही, एवढंच. त्या माणसाच्या बायकोला त्याचा काय उपयोग?"

सरांचा स्वभाव तिरसट. चहा इतका कडू करत की आम्ही तो खिडकीबाहेरच्या कुंडीत ओतत असू. त्यातली तगर कशी जगली, देव जाणे. लेखातली विशेषणं ते लाल पेन्सिलीने खोडत आणि वर म्हणत, "नाव लिहा, गाव लिहा, हवेत लिहू नका." पण त्यांच्या वर्गाची खरी ओळख होती ती शनिवारच्या सकाळची. भांडुपच्या पलीकडे एका धर्मादाय संस्थेचं क्षयरोग्यांसाठी रुग्णालय होतं. आता ते नाही. तिथल्या वॉर्डात जाऊन, लिहिता न येणाऱ्या रोग्यांची पत्रं लिहून द्यायची, हे वर्षभर प्रत्येकाला सक्तीचं. प्रमाणपत्र नाही, गुण नाहीत, वर्तमानपत्रात फोटो नाही. "जो दुसऱ्याचं चार ओळींचं पत्र नीट लिहू शकत नाही, त्याने हजारो लोकांसाठी लिहायच्या भानगडीत पडू नये," असं ते म्हणत.

त्या पत्रांसाठी सरांचे दोन नियम होते. लिहून झालं की ज्याचं पत्र त्याला ते त्याच्याच बोलीत वाचून दाखवायचं. आणि मग विचारायचं, "हे कोणाच्या हातात पडलेलं चालणार नाही?" पोस्टमन पत्र मोठ्याने वाचून दाखवतो, सासरे आधी उघडतात, शेजारची मुलगी वाचते, हे सरांना ठाऊक होतं. म्हणून हा दुसरा प्रश्न. वॉर्डाबाहेर जाणाऱ्या प्रत्येक कागदाला तो लागू होता.

अठरा नंबरच्या खाटेवर एक ताई होत्या. सिंधुदुर्गातल्या, वयाने अठ्ठावीस-तीसच्या. नवरा गिरणी बंद पडल्यावर चारकोपला एका वर्कशॉपमध्ये लागलेला. तो वाकोल्याला त्यांच्या गावच्या मंडळाच्या खोलीत राहायचा. गावाहून नोकरीला आलेले पुरुष तिथे आळीपाळीने झोपत. चार वर्षांची मुलगी गावी सासूकडे होती. ताईंना क्षय झाला आहे हे गावात कोणालाच माहीत नव्हतं. ताई बोरिवलीला एका घरी स्वयंपाकाला राहतात, असं दोघा नवरा-बायकोंनी सगळ्यांना सांगितलं होतं. बरं झालं की मे महिन्यात जायचं आणि पोरीला घेऊन यायचं, एवढाच त्यांचा बेत.

ही थाप मला माहीत होती, कारण गावी जाणाऱ्या पत्रांत ती मीच लिहीत होते. दर पंधरवड्याला ताई सांगत, "माका बरा वाटता, असा लिव. मालकीण बरी आसा, असा लिव." मी लिहायचे. वाचून दाखवायचे. त्या खुशीत म्हणायच्या, "बरा लिवलंस गो बाय."

हिवाळ्यात रुग्णालयाने आमच्या वर्गाला एक पत्रक करायला सांगितलं. खोकला लांबला तर लपवू नका, औषध मध्येच सोडू नका, हा रोग बरा होतो, एवढं लोकांना पटवायचं होतं. सगळ्यांनी मसुदे करायचे, त्यातला एक छापायचा. निवडीच्या दिवशी एका जाहिरात कंपनीतले गृहस्थ येणार होते. मला तिथे नोकरी हवी होती, सरळ सांगते. मी ताईंची गोष्ट लिहिली. त्यांचं नाव, गाव, मुलीची वाट पाहणं, सगळं. सोबत त्यांचा हसरा फोटो. ताईंना वाचून दाखवलं, पण छापील मराठीत, भराभरा, रेडिओवर बातम्या देतात तसं. त्यांनी मान डोलावली आणि अंगठा दिला. दुसरा प्रश्न मी विचारलाच नाही. उत्तर मला माहीत होतं, म्हणूनच विचारला नाही.

सरांनी मसुदा हातात घेतला आणि म्हणाले, "वाचून दाखवलंस?"

"हो सर."

"आणि विचारलंस?"

"हो सर."

ते गृहस्थ म्हणाले, "झकास! ही मुलगी नोकरीला कुठे आहे?" पत्रक छापलं गेलं. घाटकोपर, मुलुंड, भांडुप इथल्या रेशन दुकानांत, सलूनमध्ये, शाळांच्या फाटकांवर लागलं. कोकण फार लांब आहे, असं मी मनाला सांगितलं.

पत्रक चांगलं झालं होतं, म्हणूनच ते लांब गेलं. वाकोल्याच्या खोलीतल्या एका भल्या माणसाने ते मुलुंडला सलूनमध्ये पाहिलं. आपल्या गावचं नाव छापून आलंय म्हणून अभिमानाने त्याने चार-पाच मागून घेतली. एक खोलीच्या भिंतीला लावलं आणि बाकीची शिमग्याला गावी नेली. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं.

पुढच्या एका शनिवारी मी वॉर्डात गेले तर ताई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. सासरहून निरोप आला होता: परत येऊ नकोस, पोरीला तुझी सावली नको. नवरा येऊन गेला होता. ओरडला नाही, म्हणे. पत्रकाची चौघडी उशाशी ठेवली आणि गेला. तो परत कधी आला नाही.

मी हाक मारली. तोंड न वळवता ताई म्हणाल्या, "बाय, माका वाचून दाखयलंस. पन हो कागद खंय खंय जातलो, ता सांगलंस नाय."

मी घरी जाऊन दोन पानी माफीपत्र लिहिलं आणि सरांच्या घरी धावले. खोटं बोलल्याचंही रडत रडत सांगितलं. सरांनी पत्र शेवटपर्यंत वाचलं. "छान लिहिलंयस," ते म्हणाले, आणि मला त्या शब्दाची अजून भीती वाटते. "आता हे फाड. त्यांना लिहिलेलं वाचता येत नाही. तोंडाने सांग."

ते माझ्याबरोबर आले. मी खाटेशी उभी राहून सांगितलं, की मला माहीत होतं आणि तरी मी लिहिलं. मग सर स्वतः मालवणीत म्हणाले, "चूक आमची आसा. माफ कर म्हणूक तोंड नाय." ताईंनी माफ केलं नाही. का करावं? त्यांनी फक्त मुलीला कोण आणणार ते विचारलं, "माझ्या चेडवाक कोण हाडतला?"

सरांनी रजा टाकली आणि एस.टी.ने ताईंच्या गावी गेले. एकदा नाही, तीनदा. थुंकीत आता जंतू नाहीत असा डॉक्टरांचा कागद बरोबर नेला. सासऱ्यांनी ओटीवर बसवलं, चहा दिला, आणि सर उठल्यावर त्यांच्या देखत तो कप परसात नेऊन फोडला. तिन्ही वेळा असंच झालं. मुलगी दिसली, पण मिळाली नाही. परत आल्यावर सर ताईंना सगळं सांगत, कपाचं सोडून. तिने कोणतं परकर-पोलकं घातलं होतं, कोणता दात हलतोय, हेसुद्धा. इकडे आम्ही मुलं दुकानोदुकानी फिरून पत्रकं काढत होतो. ती सगळी परत मिळाली नाहीत, मिळणारही नव्हती.

मी सरांना म्हटलं, मला वॉर्डात यायचं नाही, मी वर्ग सोडते. ते म्हणाले, "पळायचं नाही. शनिवार चुकवायचा नाही. त्यांची पत्रं आता कोण लिहिणार?" मला ते क्रूर वाटलं होतं. ताईंनाही दुसरं कोणी नव्हतं. त्या सांगत आणि मी लिहायचे, मुलीच्या नावाने. वर्षभर मी लिहिलं. एकाही पत्राचं उत्तर आलं नाही.

ताई खडखडीत बऱ्या झाल्या आणि त्यांना जायला घर उरलं नाही. सरांच्या दोन खोल्यांत, त्यांची स्वतःची दोन मुलं असताना, त्यांच्या पत्नीने, आमच्या काकूंनी, ताईंना आठ महिने ठेवून घेतलं. ताट-वाटी वेगळी न करता, हे मुद्दाम लिहिते. पुढे त्याच रुग्णालयात त्या आया म्हणून लागल्या. मुलगी दहा वर्षांची झाली तेव्हा त्या एकदा धीर करून गावी गेल्या. मुलगी काकीच्या पदराआड लपली. ताई त्याच दिवशीच्या गाडीने परतल्या. मायलेकींचं पुढे काही जुळलं, असं लिहायला मला फार आवडलं असतं. तसं झालं नाही.

मला त्या जाहिरात कंपनीचं बोलावणं आलं होतं. मी गेले नाही, पण त्यात माझा मोठेपणा काही नाही. त्या कचेरीत शिरायची मला लाज वाटत होती. पुढे दुसरीकडे लागले, जनसंपर्कातच नोकरी केली, बऱ्यापैकी नावही झालं.

निवृत्तीला दोन वर्षं असताना माझ्या हाताखाली सरांची एक तरुण विद्यार्थिनी आली. जेवताना ती म्हणाली, "मॅडम, सर पहिल्या दिवशी एक भयंकर गोष्ट सांगतात. त्यांनी एकदा एका पेशंट बाईचं नाव पत्रकात छापलं, तिला न विचारता. त्या बाईचं मूल तिला कायमचं दुरावलं." सर दरवर्षी ही गोष्ट स्वतःची म्हणून सांगत होते. प्रत्येक नव्या वर्गासमोर, तीसेक वर्षं. मी सरांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, "तुझ्या शब्दावर मी छापलं. म्हणजे छापणारा मीच. तू कशाला मध्ये येतेस?" आणि फोन ठेवला.

त्या मुलीला मी त्या दिवशी खरं सांगितलं नाही. डबा बंद केला आणि मीटिंगला गेले. हा माझा दुसरा गुन्हा, आणि तो मला पहिल्यापेक्षा लहान वाटत नाही. सरांच्या साठीच्या ग्रंथातही मी लिहिलं होतं, गोड, विशेषणांनी भरलेलं. पत्रकाचं अवाक्षर नव्हतं.

हा लेख लिहिण्याआधी मी ताईंकडे जाऊन आले. त्या आता थकल्या आहेत, कमी ऐकू येतं. हे सगळं छापू का, म्हणून विचारलं. त्या म्हणाल्या, "माझा नाव घालू नको. गावाचाही नको. तुझा घाल."

म्हणून लिहिते. सरांच्या सर्व आजी-माजी विद्यार्थ्यांनो, ते पत्रक सरांनी लिहिलेलं नाही. विचारलंस का, असं त्यांनी मला विचारलं होतं आणि मी खोटं उत्तर दिलं होतं. आजवर तुमच्या वर्गात त्या गोष्टीत जो 'मी' होता, तो सर नव्हते, मी होते.

सर हे वाचून रागावतील. रागवायला त्यांच्या अंगात पुष्कळ वर्षं बळ राहो, डोळे आणि पाय साथ देवोत, काकूंचा सहवास लाभो, आणि पुढच्या जूनमध्ये नवा वर्ग त्यांच्यासमोर बसो. सर, फक्त एक मागते. त्या दिवशी ती गोष्ट सांगाल तेव्हा माझं नाव घ्या.