किल्ली पर्समध्ये सापडली

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांच्या तोंडावर मी आजवर हसत आलोय. या ग्रुपवरही मी यायचो तो लोकांच्या अनुभवातल्या चुका काढायला... त्यामुळे आज हसायची पाळी तुमची. हसा. पण आधी आमच्या दाजींवर हसा.

दाजी म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे मिस्टर. देवळ्यात हार्डवेअरचं दुकान, आणि जगातल्या प्रत्येक विषयावर मत. मणक्याच्या ऑपरेशननंतर त्यांना दुखण्यावर अफूच्या जातीतली एक गोळी चालू होती. ती चालू असेपर्यंत गाडी चालवायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दाजींच्या मते डॉक्टर 'उगाच घाबरवतात'.

गेल्या हिवाळ्यात दाजी, ताई आणि मी असे तिघं देवळ्याहून नाशिकला, गंगापूर रोडवर माझ्या घरी निघालो. सकाळचे साडेदहा, लख्ख ऊन. प्रवासात त्रास नको म्हणून दाजींनी एकाऐवजी दोन गोळ्या घेतलेल्या. नाक सारखं खाजवत होते. जीभ जड. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या.

"दाजी, मी चालवू का?"

"का? मी काय पिऊन आलोय? औषध आहे हे, मास्तर!"

मी शेजारच्या सीटवर बसून पट्टा लावला. वर्गात साठ पोरांना दरडावणारा मी — इथे दाजींचा मान राखत होतो!

भावडबारी घाट उतरून सोग्रस फाट्याकडचा सरळ रस्ता लागला आणि दाजींची मान छातीवर आली. गाडी डावीकडे सरकू लागली. समोर छत्रीखाली डाळिंबं विकायला बसलेली बाई... ती उठली, टोपली कलंडली, पण मागे पाटाच्या पाण्याची खोल चारी, पळणार कुठे? मी ओरडत स्टिअरिंगकडे झेपावलो. पट्टा आवळला. हात पोचलाच नाही.

आणि इंजिन बंद पडलं.

धक्का नाही, ब्रेकचा आवाज नाही. छत्रीपासून दोन हातांवर गाडी उभी. हँडब्रेक वर ओढलेला. किल्ली जागेवर नाही.

दाजी दचकून जागे झाले. "बघितलं? कशी कंट्रोल केली!"

किल्ली आम्ही सीटखाली शोधली, दाजींच्या खिशांत शोधली. मागे बसलेल्या ताईनं पाण्याची बाटली काढायला पर्सची चेन उघडली आणि ती थिजली. किल्ली आत होती.

"सकाळी मनात आलं होतं रे, किल्ली लपवून टाकावी," ती पुटपुटली. "पण धीरच झाला नाही. देवाशपथ, मी हात लावला नाही."

गॅरेजवाल्यानं नंतर गाडी तपासली. चालत्या गाडीतून ही किल्ली निघतच नाही म्हणाला. नातेवाइकांनी कुलदैवताला नारळ फोडले, आणि दाजी तर आता दुकानात ऐटीत सांगतात, 'आपल्या पाठीशी शक्ती आहे!' गोळ्यांबद्दल एकानंही विचारलं नाही.

त्या डाळिंबवाल्या बाईनं मात्र तेव्हा देवाचं नाव काढलं नव्हतं. सांडलेली डाळिंबं गोळा करत तिनं दाजींकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तुमी तर शुद्धीत व्हते ना, भाऊ? मग याच्या हातात गाडी दिली कशी?"

किल्ली पर्समध्ये कशी गेली, हे मला आजही सांगता येत नाही. तिचा प्रश्न ऐकून मी खाली उतरलो, दाजींना मागे ढकललं आणि नाशिकपर्यंत गाडी मी चालवली.