पुसणारी पुस्तकं

"हे पण पुसणारंच," असं म्हणून काका पुस्तक मिटायचे आणि माझ्यासमोर काउंटरवर ठेवायचे. ठेवताना त्याच्या कव्हरावरून एकदा तळहात फिरवायचे, नापास झालेल्या पोराची समजूत काढावी तसा. मग चष्मा कपाळावर, पिशवी खांद्याला, "येतो ताई," आणि पायरी उतरून चालू पडायचे. नापास झालेलं पुस्तक परत कपाटात लावायचं काम माझं.

बोरीवली पश्चिमेला माझं पुस्तकांचं दुकान आहे. दुकान कसलं, अरुंद गाळाच. पुढे दहावी-बारावीची गाईडं, मधे स्पर्धा परीक्षा, आणि अगदी आत, ट्यूबलाइट मिणमिणते तिथे, कॉम्प्युटर शिकायची पुस्तकं. एके काळी सगळं दुकान त्या कपाटावर चालायचं. हल्ली लोक मोबाईलवर व्हिडिओ बघून शिकतात, त्यामुळे तिकडे मी आणि झुरळं सोडून कोणी फिरकत नव्हतं. एका दुपारी शटर अर्धं ओढून मी डबा खात होते. खालून वाकून एक पांढरं डोकं आत आलं आणि म्हणालं, "फोटोचं गाईड आहे का?"

"कुठली इयत्ता?" मी विचारलं. मला वाटलं, नातवाचं काहीतरी असेल.

"पंचाहत्तरी उलटली," ते म्हणाले. "कॉम्प्युटरवर फोटो दुरुस्त करायचं मला स्वतःला शिकायचंय."

मी डबा बंद केला आणि त्यांना आतल्या कपाटापाशी नेलं. गिऱ्हाईक पुस्तक कसं निवडतं हे बघण्यात माझं आयुष्य गेलं आहे. कोणी किंमत बघतं, कोणी जाडी बघतं, कोणी रंगीत पानं मोजतं. यांनी थेट अनुक्रमणिका उघडली आणि तिच्यावरून बोट खाली सरकवत नेलं. चेहऱ्यावरचे डाग काढणे. सुरकुत्या घालवणे. डोळ्यांखालची काळी वर्तुळं मिटवणे. नको असलेली व्यक्ती फोटोतून नाहीशी करणे. बोट तळाशी पोचलं आणि पुस्तक मिटलं.

"काढायचं सगळे शिकवतात. घालायचं कशात दिलंय?"

"काय घालायचंय तुम्हाला?"

"डाग," ते म्हणाले.

वयस्कर माणसांची चेष्टा मी सहसा करत नाही, पण तोंडातून निघून गेलं, "काका, डाग पाडायला पुस्तक कशाला लागतं?" त्यावर ते हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. उद्या परत येतो म्हणाले. आणि आले.

मग ते येतच राहिले. दुपारची वेळ, अर्धं शटर, लिमलेटच्या गोळ्यांची पुडी. एक गोळी मला, एक त्यांना. एका दिवशी एकच पुस्तक बघायचे, दोन दाखवली तर म्हणायचे, "उद्याला काय करू मग?" मी एकदा व्हिडिओ सुचवून पाहिला. "व्हिडिओतला मुलगा फार घाईत असतो," ते म्हणाले. "मी थांब म्हटलं की थांबतो, पण मग बोलतच नाही." घरी तुमच्यासोबत कोण असतं, असं विचारल्यावर सांगितलं की मुलगा बंगळुरूला असतो, आणि घरात फ्रीज आवाज करतो तेवढाच. तो बंद पडला की आपण दचकतो, हेही सांगितलं. मला ते पटकन समजलं, कारण माझ्या घरीही संध्याकाळी वेगळं काही नसतं.

हळूहळू सगळं कळलं. ते गिरगावातल्या एका फोटो स्टुडिओत टचिंगचं काम करायचे. रोल धुवून आला की काचेच्या उतरत्या मेजावर निगेटिव्ह ठेवायची, खालून उजेड, हातात टोक काढलेली पेन्सिल. चेहऱ्यावरचा काळा डाग निगेटिव्हमध्ये पांढरा दिसतो. तो पेन्सिलीने हलक्या हाताने भरून काढायचा, म्हणजे छापल्यावर कातडी एकसारखी येते. देवीचे व्रण, मुरमं, भाजल्याच्या खुणा, सगळं त्यांच्या पेन्सिलीखालून गेलं. लग्नाच्या बाजारात उभ्या राहणाऱ्या मुलींचे फोटो तर रोजचेच.

अशाच एका मुलीचा फोटो काढायला तिचा भाऊ तिला घेऊन आला होता. देवगडकडची मंडळी. तिच्या हनुवटीच्या डाव्या अंगाला भाजल्याचा डाग होता. लहानपणी चुलीशी खेळताना झालेला. यांनी तो इतका सफाईने घालवला की भाऊ खूश झाला. मुलगी मात्र फोटोकडे बघून म्हणाली, "ही मी नाय."

पुढे व्हायचं ते झालं. फोटो बघून एक स्थळ चालून आलं, कांदेपोहे झाले, आणि मुलाकडच्यांनी डाग बघितला. आम्हाला फसवलंत म्हणून मंडळी उठून गेली. भाऊ तडक स्टुडिओत येऊन यांच्यावर उखडला. तुझ्या पेन्सिलीने माझ्या बहिणीची वाट लावली, असं सगळ्यांसमोर बोलला. यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं आणि त्या रविवारी आपल्या आईला मागणी घालायला पाठवलं.

"चूक निस्तरायला लगीन केलात, असं ती आयुष्यभर म्हणायची," ते मला म्हणाले. "खरं म्हणजे तसं नव्हतं. ती 'ही मी नाय' म्हणाली ना, तेव्हाच मला ती आवडली होती."

आता तुम्हाला वाटेल, एवढं झाल्यावर या माणसाने बायकोच्या फोटोला पेन्सिल लावली नसेल. लावली. बारशाचा, हळदीकुंकवाचा, माथेरानचा, पासपोर्टचा, ती ज्या ज्या फोटोत होती त्यातला डाग त्यांनी काढला. बिचारा दिवसभर परक्यांच्या मुलींना सुंदर करत होता, घरच्या माणसाला कमी कसं करणार? नवा फोटो हातात घेतला की ती विचारायची, "माझो डाग खंय ठेवलात ओ?" ते म्हणायचे, अगं, हाताला सवय. पुढे पुढे तिने विचारायचं सोडलं. मोबाईल आले, ज्याच्या त्याच्या हातात कॅमेरा आला, तेव्हा कोणी फोटो काढायला लागलं की तिचा हात आपोआप हनुवटीवर जायचा.

"मीच शिकवलं ते तिला," ते म्हणाले. त्या दिवशी त्यांनी अनुक्रमणिका उघडलीच नाही.

ती गेली. भिंतीवर फोटो लागला, स्वच्छ. आणि रोज सकाळी त्याला उदबत्ती ओवाळता ओवाळता एक दिवस त्यांच्या लक्षात आलं की डोळे मिटले तरी भिंतीवरचीच बाई दिसते आहे. चुलीशी भाजलेली, भांडणारी, त्यांच्या घरात राहिलेली बाई दिसतच नाही. घरातल्या कुठल्याच फोटोत ती नव्हती. स्टुडिओ बंद पडला तेव्हाच निगेटिव्ह भंगारात गेल्या होत्या. ब्रशने काढू म्हटलं तर आता हात थरथरतो. कॉम्प्युटरवर चुकलं तर मागे जाता येतं, असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. "मी विसरायच्या आत व्हायला पाहिजे, ताई," एवढंच ते म्हणाले. त्यानंतर मी त्यांची चेष्टा केली नाही.

पुस्तक शेवटी मलाच सापडलं. कपाटाच्या तळाशी, फुगलेलं, बांधणी सुटलेलं, कुठल्या काळातल्या कॉम्प्युटरसाठी लिहिलेलं ते मराठी गाईड मी रद्दीत टाकणार होते. अनुक्रमणिका अर्धी फाटलेली होती, म्हणून ते पानं उलटायला लागले. एका पानावर थांबले. त्या पानावर एका माणसाचा फोटो होता आणि शेजारी त्याचाच उलटा फोटो. केस पांढरे, चेहरा काळा. खाली लिहिलं होतं, चित्राची निगेटिव्ह करणे.

"ही माझी भाषा," ते म्हणाले.

मी सांगितलं की हे फार जुनं आहे, यातली निम्मी बटणं आता जागेवर नसतील. त्यांनी ऐकलं नाही. असलं पुस्तक विकायला मला लाज वाटली, म्हणून म्हटलं, वाचून परत आणून द्या. ते छातीशी धरून घेऊन गेले.

मधले दिवस मी एकटीच डबा खाल्ला. काका अधूनमधून आले की हताश होऊन यायचे. घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर डाग बसत होता, पण तिचा वाटत नव्हता. कधी जन्मखुणेसारखा दिसायचा, कधी जेवताना काही सांडल्यासारखा. आकार नक्की कसा होता, ओठाकडे किती वर जात होता, काही केल्या आठवेना. पंचेचाळीस वर्षांच्या संसारानंतर आठवत नाही म्हणताना त्यांचा आवाज चोरट्यासारखा झाला होता.

मग एका दुपारी शटरखालून ते जवळजवळ धावतच आले. "डोक्याला आठवत नाहीये, पण हाताला आठवतंय," ते म्हणाले. त्यांनी फोटोची निगेटिव्ह केली होती. काळ्या चेहऱ्यावर पांढरे केस, जसं त्यांनी आयुष्यभर बघितलं तसं. आणि डोळे मिटून तोच हात फिरवला होता जो इतकी वर्षं तो डाग भरून काढत आला होता. आधी ओठाच्या कोपऱ्यापासून खाली, मग आत वळून, मग बारीक बारीक टिंबं. फक्त या वेळी काळ्याऐवजी पांढरं. निगेटिव्ह परत सरळ केली तेव्हा ती समोर होती.

पहिली प्रत घेऊन ते मुलुंडला मेव्हण्याकडे गेले, तोच तो स्टुडिओत येऊन भांडलेला भाऊ. आता तोही म्हातारा झाला होता. त्याने चष्मा लावून फोटो नीट पाहिला आणि म्हणाला, "भावोजी, सगळा झकास झाला, डाग तेवढो काढूचो रवलो बघा."

ही गोष्ट सांगताना ते हसत होते. हसून झाल्यावर पिशवीतून फोटो काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवला.

"तुम्ही सांगा. बरोबर बसलाय?"

"काका, मी त्यांना कधी पाहिलंच नाही."

"ज्यांनी पाहिलंय त्यांना हा नकोय," ते म्हणाले. "तुम्ही बघा. माणूस खरं वाटतं का?"

मी फोटो उजेडाकडे धरला. साधीशी बाई, डोक्यावर पदर नाही, हनुवटी जरा वर उचललेली. आणि हनुवटीवर तो डाग, कडेला थोडा सुरकुतलेला. त्याच्यामुळे तो चेहरा काहीतरी बोलायच्या बेतात असल्यासारखा वाटत होता.

"खरं वाटतं," मी म्हणाले. "या बाई भांडतील असं वाटतंय."

"भांडायची," ते म्हणाले, आणि चष्मा काढून बराच वेळ शर्टाच्या टोकाला पुसत बसले. ती प्रत त्यांनी माझ्याकडेच ठेवली. भिंतीसाठी मोठी करून घेणार होते.

मोठी प्रत आली, त्याची गोष्टही ऐकण्यासारखी. लॅबवाल्याने छापायच्या आधी, म्हाताऱ्या माणसाचं काम म्हणून, डाग स्वतःहून काढून टाकला. "काका, साफ करून दिलाय," म्हणाला. "त्याने माझंच काम केलं, त्याला काय बोलणार," असं म्हणून ते पायरीवर बसून राहिले. परत करून घेतो म्हणाले. पण त्याच आठवड्यात ते घरात पडले. मुलगा येऊन त्यांना बंगळुरूला घेऊन गेला.

नंतर बऱ्याच दिवसांनी, दुपारीच, शटरखालून एक माणूस वाकून आत आला. चालणं तेच, म्हणून विचारावं लागलं नाही. त्याच्या हातात ते फुगलेलं गाईड होतं. "बाबा गेले. त्यांनी सांगून ठेवलं होतं, ताईंचं पुस्तक परत द्यायचं," तो म्हणाला. मी त्याला खुर्ची दिली. त्यांची सोसायटी पुनर्विकासाला गेली होती आणि तो घर रिकामं करायला आला होता. जुना कॉम्प्युटर सुरूच होत नव्हता, तो देऊन टाकला होता. आई-बाबांचे दोन फोटो फक्त बरोबर नेत होता.

मी खणातून ती प्रत काढून त्याच्यापुढे धरली. त्याने ती दोन्ही हातांनी घेतली.

"होता," तो म्हणाला. "असाच होता." मग त्याने ती हळूच माझ्याकडे सरकवली. "पण आईला हे आवडलं नसतं हो. ती कायम झाकायची. आपण आता उघडं नको करायला."

तो चांगला मुलगा आहे. आईला झाकायला कोणी शिकवलं हे त्याच्या वडिलांनी मला सांगितलं होतं, त्याला नव्हतं. आणि वडील गेल्यानंतर ते मी सांगावं असं मला वाटेना. तो गेला. मी फोटो परत खणात टाकला, मग पुन्हा बाहेर काढला.

आता तो आतल्या कपाटात असतो, त्या बांधणी सुटलेल्या पुस्तकाला टेकून. ज्या बाईला मी कधी पाहिलं नाही तिचा खरा चेहरा तेवढा माझ्याकडे आहे, दुसरीकडे कुठेच नाही. दुपारी डबा उघडला की समोर त्याच असतात. लिमलेटच्या गोळ्यांची पुडी मी अजून आणते; दुसरी गोळी कोणाला द्यायची हा प्रश्न रोज पडतो.

परवा एक कॉलेजची मुलगी गाईड शोधत आत गेली आणि फोटोपाशी थांबली. "आई का तुमची?"

"नाही गं. ओळखीच्या आहेत."

"गोड आहेत. हनुवटीवरचं ते काढून देऊ का? मोबाईलवर लगेच होतं," म्हणत तिने पर्समधून फोन काढलाही.

"राहू दे," मी म्हणाले. "तो डाग बसवायला फार कष्ट पडलेत."