खोबणीतलं संत्रं
संत्र्याच्या सालीचा वास आला की सदर भागातलं आमचं कॉलेजचं मैदान आणि मास्तर आठवतात. अडथळ्यांच्या शर्यतीत एके काळी आख्ख्या मध्यप्रांतात त्यांना हरवणारा नव्हता. वय झाल्यावर ते आमच्या कॉलेजात पोरांना तयार करू लागले. त्यांची एक रीत होती. प्रत्येक लाकडी अडथळ्याच्या वरच्या फळीत त्यांनी खोबण कोरून घेतली होती. तिच्यात संत्रं ठेवायचं, आणि उडी मारताना पाय लागून ते खाली पडलं की तो गडी बाद. जबलपूरच्या सामन्यांसाठी निवड होती त्या सकाळी शेवटच्या अडथळ्याला माझा गुडघा लागला. संत्रं उडालं, पण बाजूला उभ्या असलेल्या माझ्या दोस्तानं ते वरच्या वर झेललं आणि हसत हसत मास्तरांच्या डोळ्यांसमोर धरलं. आता बोलणी बसणार म्हणून मी मान खाली घातली. "एकही नाही पडलं गा! तुलेच पाठवतो जबलपूरले," मास्तर आनंदानं म्हणाले. संत्रं त्यांच्या नाकापासून वीतभरावर होतं. दोस्ताचा हात तसाच हवेत राहिला. मी कसाबसा म्हणालो, "मास्तर, शेवटचं पडलं होतं." ते थबकले, आणि माझ्या खांद्यापलीकडे बघत हळूच म्हणाले, "मंग मले काहून नाही ऐकू आलं?" जबलपूरला दुसराच गेला. मास्तरांची नोकरी जाईल म्हणून आम्ही दोघांनी हे कुणाला सांगितलं नाही. आज पहिल्यांदा लिहितोय. पण त्या मैदानावर पडणारं संत्रं आम्ही पुन्हा कधी झेललं नाही.